वाळवंटातला माणूस आणि पेणचा उन्हाळा

...आणि हे लोक मला सांगतात, यंदा फार उकडतंय. अजून एप्रिल संपला नाही, दोन दिवस मानेवरून घाम ओघळला, की लगेच कपाळाला हात. तुम्हाला सांगतो, ज्याने अठ्ठ्याण्णव सालचा मे महिना पेणमध्ये काढला नाही, त्याने उन्हाळ्यावर बोलू नये, त्याने गप बसून कोकम सरबत प्यावं. तो उन्हाळा होता. मार्चात आला तो जायचं नावच घेईना, एखादा जावई सासुरवाडीत ठाण मांडून बसतो ना, तसा. गणपतीच्या कारखान्यांत माती मळता मळता सुकायची, विहिरींचे तळ दिसायला लागले, वीज दुपारी बाराला जायची ती चारला यायची, आणि वारा? वारा होता की. खाडीवरून यायचा. पण कसा, तर कुणीतरी आपल्या तोंडासमोर मोदकपात्राचं झाकण उघडावं, तसा.

आणि अशा मे महिन्यात आमच्या शेजारच्या हासाजी मास्तरांकडे पाहुणा आला. कुठून? वाळवंटातून. इस्रायलहून, बीरशेबाहून.

आता हासाजी मास्तर कोण, ते सांगायला हवं. हासाजी पेणकर, बेने इस्रायल, म्हणजे आपले कोकणातले ज्यू, चौतीस वर्षं पेणच्या शाळेत भूगोल शिकवला, मलाही शिकवला, आणि माझ्या भूगोलाकडे बघून त्यांना दोष देऊ नका. लग्न राहून गेलं. घरात त्यांच्याहून सात वर्षांनी मोठी बहीण, सिपोराबाय. ती ऐन तारुण्यात विधवा होऊन माहेरी आली आणि मग घर तिनेच चालवलं, म्हणजे मास्तर शाळा चालवायचे आणि ती मास्तरांना. त्यांच्या आळीतली बाकी घरं एकेक करून इस्रायलच्या विमानात बसली. धाकटा भाऊ नथानियल सत्तर साली गेला. मास्तरांना सगळे विचारायचे, तुम्ही कधी? मास्तर म्हणायचे, "मी गेलो तर प्रार्थनेला दहा पुरुष कुठून आणायचे?" त्यांच्यात सामूहिक प्रार्थनेला निदान दहा पुरुष लागतात, आणि वास्तविक दहा कधीच जमत नव्हते. सहा होते. पण मास्तरांचं म्हणणं, सहाचे पाच तरी कशाला करा?

तर नथानियल आला. अठ्ठावीस वर्षांनी. अर्धी चड्डी, पायात सँडल, डोकं तांब्याच्या तपेल्यासारखं चकचकीत आणि त्यावर टोपी नाही. मे महिना, दुपारचे दोन, स्टेशनपासून चालत आला. सिपोराबाय दारातच ओरडली, "अरे मेल्या, टोपी तरी घालायची." तर हा उंबऱ्यात उभा राहून आकाशाकडे बघतो आणि म्हणतो, "हा काय उन्हाळा?"

बस. तिथून जे सुरू झालं. आम्ही पंचे ओले करून डोक्यावर घेतोय, हा अंगणात खुर्ची टाकून भर उन्हात बसतोय. "हा काय उन्हाळा? आमच्याकडे पंचेचाळीस होतं, पंचेचाळीस." दुधवाला म्हणाला, आज फार तापलंय हो. "हा काय उन्हाळा?" माझी बायको रात्रभर गच्चीवर तळमळून सकाळी डोळे चोळत खाली आली, तर कुंपणावरून, "वहिनी, हा काय उन्हाळा?" तुम्हाला सांगतो, माझी बायको शांत बाई आहे, पण त्या दिवशी तिने हातातल्या लाटण्याकडे फार विचारपूर्वक पाहिलं.

पण तो उन्हाची फुशारकी मारायला आला नव्हता. तो दोघांना न्यायला आला होता. पिशवीत कागद, फॉर्म, सगळं तयार. पहिल्या संध्याकाळी जेवणं झाल्यावर त्याने विषय काढला, पूर्वजांची भूमी, आपली माणसं, म्हातारपणी औषधपाणी. सिपोराबाय वर्तमानपत्राच्या घडीने वारा घेत ऐकत होती. हे सगळं ती अठ्ठावीस वर्षं पत्रांतून ऐकत आली होती आणि अठ्ठावीस वर्षं तिने एकच उत्तर कळवलं होतं, आम्ही बरे आहोत, तुमची खुशाली कळवा. मग नथानियल सहज बोलून गेला, "आणि घरात एसी हाय. सगळ्या खोल्यांत."

सिपोराबायचा हात थांबला. "म्हंजे रे काय होतं?"

"म्हंजे घाम नाय येत, बाय."

"अजिबात?"

"अजिबात. बाहेर पंचेचाळीस, आत गारेगार."

तिने वर्तमानपत्राची घडी आणखी एकदा घातली. मग वर्तमानपत्र खाली ठेवलं आणि म्हणाली, "येते मी."

मास्तर हातात पाण्याचा तांब्या घेऊन उभे होते, ते तसेच उभे राहिले. पूर्वजांनी बोलावलं तर गेली नाही, धर्माने बोलावलं तर गेली नाही, आणि एका यंत्राने बोलावलं तर लगेच? मला दुसऱ्या दिवशी कुंपणावरून म्हणाले, "मला वाटायचं, ती माझ्यासाठी राहिलीय." मी म्हटलं, "मास्तर, उकडतंच आहे तसं."

पण मास्तर हार मानणारे नव्हते. तिसऱ्या दिवशी पनवेलहून टेम्पोतून कूलर आला. कोकणात कूलर. अहो, आधीच हवा अशी की शर्ट वाळत घातला तर संध्याकाळी जास्त ओला निघायचा, त्यात हा पाण्याचे फवारे मारणारा पत्र्याचा हत्ती. दुकानदाराने सांगितलं, "मास्तर, काश्मीर होईल खोलीचं." लावला. आधी बरं वाटलं. अर्ध्या तासात पापड लुळे पडले. तासाभरात काडेपेटी पेटेना. रात्रीपर्यंत भिंतीवरचा जगाचा नकाशा फुगून आफ्रिका बाहेर आली. सिपोराबाय पदराने तोंड पुसत म्हणाली, "हासा, हे बंद कर रे, माझी वडी शिजली." आणि नथानियल, अगदी प्रेमाने बरं का, म्हणाला, "दादा, हे कोरड्या हवेत चालतं. आमच्याकडे चालतं. तू भूगोल शिकवायचास ना?"

चौतीस वर्षांची नोकरी. एका वाक्यात.

मास्तरांनी कूलर बंद केला आणि त्याच्यावर चादर घातली.

मग सिपोराबायने सांगितलं, जायच्या आधी एकदा रोह्याला आईच्या कबरीवर जायचं. त्यांची आई शेवटी मामाकडे होती, रोह्यालाच गेली, वरसे गावाच्या वाटेवर तिला पुरलंय. नथानियलने ती कबर पाहिलीच नव्हती. तार पोचली तेव्हा आई जाऊन चार दिवस झाले होते. त्या विषयावर तो कधी बोलत नसे.

ठरलं. पुंडलिक म्हणून एकाची जीप होती, नागोठण्यावरून रोह्याला माणसं न्यायचा. माणसं म्हणजे किती, तर मागे आठ बसायची जागा असेल तर तेरा. मास्तर मला म्हणाले, "तूही चल." मी म्हटलं, चला. का म्हटलं, देव जाणे. सकाळी निघायचं तर पुंडलिक गाडी भरेपर्यंत हलेना, नागोठणं सोडेस्तोवर साडेअकरा. जीपचा पत्रा असा तापलेला की कोपर टेकलं तर चटका. मध्ये सिपोराबाय, मांडीवर पाण्याचा कॅन, आणि नथानियल कडेला, बोडक्या डोक्याने, बाहेर तोंड काढून. "हा काय उन्हाळा?"

भिसे खिंडीच्या चढावर जीपने एक मोठा सुस्कारा टाकला आणि उभी राहिली. बॉनेटमधून वाफ. पुंडलिक उतरला, बघितलं, आणि सिपोराबायच्या मांडीकडे बोट दाखवून म्हणाला, "आजी, पाणी द्या."

"आमी काय पिऊ?"

"ती प्यायली नाय तर तुमी हितंच."

कॅन गेला. घटाघटा प्यायली जीप, आणि तरी हलेना. पुंडलिक म्हणाला, तासभर थंड होऊ दे. सगळे सावली शोधायला लागले. सावली म्हणजे एक पळस, त्याला पानं चार. आणि नथानियल म्हणाला, "मी चालतो पुढे. तुम्ही या मागून."

मास्तर म्हणाले, "नथू, टोपी घे माझी."

"हा काय..."

"कळलं. टोपी घे."

नाही घेतली. निघाला. ताठ मानेने, सँडल वाजवत, वळणापलीकडे गेला. मास्तर पळसाखाली बसले. पाच मिनिटं बसले, दहा मिनिटं बसले, मग उठले आणि त्याच्यामागे चालायला लागले. एकसष्ट वर्षांचा माणूस, टळटळीत बारा. मग मीही उठलो. दुसरं वळण ओलांडलं तर समोर रस्त्याच्या कडेला ते तांब्याचं तपेलं आडवं.

तुम्हाला सांगतो, मास्तर धावले. मी त्यांना आयुष्यात कधी धावताना पाहिलं नव्हतं, शाळेची घंटा होऊन गेली तरी ते चालतच यायचे. डोकं मांडीवर घेतलं, तर अंग तव्यासारखं आणि घाम? घामाचा थेंब नाही. डोळे अर्धे मिटलेले. मास्तर नुसतं "नथू, नथू" म्हणत होते. पाणी नव्हतं. पाणी जीपने प्यायलं होतं.

तेवढ्यात खालच्या उतारावरून एक माणूस वर आला, काळुराम नावाचा, म्हशी चारायला आलेला. त्याने बघितलं, काही विचारलं नाही, सरळ नथानियलला खांद्यावर टाकला. "कुठं नेतोस?" मास्तर ओरडले. तो म्हणाला, "म्हशींत."

खाली एक डबकं होतं. अठ्ठ्याण्णव साली त्या सगळ्या डोंगरात ओलं राहिलेलं तेवढंच. त्यात सहा म्हशी डोळे मिटून बसलेल्या. काळुरामने दोघींना काठीने बाजूला सरकवलं आणि मध्ये बीरशेबाचा रहिवासी आडवा केला, नाकापर्यंत. चिखल घेऊन डोक्यावर थापला. "बाबा, मान धरा वर. तुमी, पाय चोळा." आम्ही चोळले. म्हशींनी एकदा वळून पाहिलं आणि परत डोळे मिटले. किती वेळ गेला, कुणास ठाऊक. मास्तर गुडघाभर चिखलात बसून भावाची मान धरून होते, ओठ हलत होते, प्रार्थना म्हणत होते की काय, मी विचारलं नाही.

मग नथानियलने डोळे उघडले. त्याच्या नाकासमोर वीतभर अंतरावर एक म्हैस होती. त्याने तिच्याकडे पाहिलं, तिने त्याच्याकडे. आणि हा अगदी बारीक आवाजात म्हणाला, "बाय गो, लय ऊन हाय."

अठ्ठावीस वर्षांची हिब्रू धुऊन निघाली, आणि खाली रोह्याची भाषा जशीच्या तशी.

काळुरामने घरून कांदा आणि ताक आणलं, ते पाजलं. मास्तरांनी डॉक्टर, दवाखाना म्हणून बघितलं, पण हा ऐकेना. तो उठून बसला आणि म्हणाला, "आधी आईकडे." जीप एव्हाना निवली होती. चिखलाची चड्डी काढून काळुरामची लुंगी नेसला, आणि डोकं झाकायला त्याचाच पंचा घेतला, स्वतः मागून. आणि असा तो आईच्या कबरीवर गेला.

तिथे काय झालं ते मास्तरांनी मला नंतर सांगितलं, मी फाटकाशी उभा होतो. नथानियल कबरीशी बसला आणि म्हणाला, "आई, उशीर झाला." बाकी काही नाही. मग रडला. सिपोराबायने त्याच्या पाठीवरचा वाळलेला चिखल नखाने काढत काढत त्याला रडू दिलं.

परत निघताना मास्तरांनी बहिणीला बाजूला घेतलं. "बाय, आता तरी बघितलंस ना? तिकडचा माणूस इथं टिकत नाय, तशी तू तिकडं टिकशील का? आणि एका एसीसाठी?"

सिपोराबाय म्हणाली, "हासा, एसी काय रे. मी बावीस वर्षांची परत आले, तेव्हापास्न पेण आणि रोहा, रोहा आणि पेण. तू दहा माणसं मोजत बसलास, त्यात मी कधीच नव्हते. नथूने इतक्या वर्षांत निदान विचारलं तरी, येतेस का. तू कधी विचारलंस, राहतेस का?"

मग खूप वेळाने, जीप सुरू झाल्यावर, त्या घरघरीत मास्तरांनी विचारलं, "राहतेस का?"

ती म्हणाली, "आता नाय. पण विचारलंस, बरं केलंस."

जूनच्या पहिल्या आठवड्यात दोघं गेली. मास्तर विमानतळापर्यंत सोडायला गेले आणि परत आले ते एकटेच. मला वाटलं, माणूस खचणार. पण नाही, आमटी करायला शिकले. वाईट करतात, पण करतात. पत्रं यायची. पहिल्या पत्रात एसीचं वर्णन दोन पानं. दुसऱ्यात एक पान. नंतर एसीचा उल्लेखच नाही.

आणि पुढच्या वर्षी, मे महिन्यातच, दुपारी बाराला, मी पेणच्या पोस्टात उभा, पुढे हासाजी मास्तर, सदऱ्यातून पाणी ठिबकतंय, काउंटरवर कापडात शिवलेलं हे एवढं मोठं बोचकं. काउंटरवरचा कमळाकर त्यांचाच विद्यार्थी. त्याने पत्ता वाचला, बोचकं दाबून पाहिलं. "मास्तर, काय आहे आत?"

"गोधडी."

"गोधडी? बीरशेबाला? तिथं तर वाळवंट ना, मास्तर? तुम्हीच शिकवलं होतंत."

मास्तरांनी रुमालाने मानेवरचा घाम पुसला, रुमाल पिळला आणि म्हणाले, "हो. नथू रात्री एसी बंद करू देत नाही. थंडी फार आहे."