दोन बटनांची हळद

आमी मूळचे मुरबाडच्या वरच्या अंगाचे, डोंगराला टेकून गाव हाय आमचं, घरची भातशेती, बाकी मजुरी, तीन भावंडं आमी, थोरला दादा, मंग मी, आनि धाकटी वनी. मला सगळे नाना बोलतात. मला एका जागी बसवत नाय हे आदीच सांगतो तुमाला, शाळेत बाकावर बोटं वाजवायचो म्हनून गुरुजी बाहेर उभा करायचे, आता मुरबाडला कंपनीत पॅकिंगला हाय तर तितं खोक्यावर वाजवतो, सुपरवायझर बोलतो नाना खोका भर, वाजवू नको. तुमी लिवा, माझ्या बोटांकडं बघू नका.

दादा कल्याणला एका मंडप-स्पीकरवाल्याकडं कामाला होता, तितनं त्यानी ती पेटी आनली, कोना ऑर्केस्ट्रावाल्यानी टाकून दिलेली. रिदमची पेटी. वर बटनं, वॉल्ट्झ, रॉक, सांबा, असं काय काय, एक बटन दाबलं का पेटी आपली आपन वाजत राहनार, वाजवाया मानूस नको. आता काठीनी वाजवायची नवीन इलेक्ट्रिक पॅडं आली, माझ्याकडं पन हाय, पन तेवा काय सांगू तुमाला, पेटी लावली का पाड्यावरनं मानसं खाली उतरायची, वाजवतो कोन ते बघाया. पन त्यातला एक पन ताल आपल्या हळदीचा नाय. सगळे विलायती ताल, त्याच्यावर आपल्या बाया नाचनार कशा? मंग दादानी एक दिवस सांबा आनि त्याच्या बाजूचं, अशी दोन बटनं एकदम दाबून धरली, आनि दोन ताल एकात एक मिसळून असा ठेका निघाला, धप्प-चिक-टाक, धप्प-चिक-चिक, का आमची आय चुलीपाशी बसलेली ती उठून उभी राहिली. पेटी बनवनाऱ्याला पन म्हाईत नसेल असं होतं म्हनून. त्या दोन बटनांवर दादानी लग्ना-हळदीत वाजवनारी बेंजो पार्टी उभी केली, तो पेटीवर, मी ढोलकीवर, आनि वनीच्या हळदीला आमी सगळं गाव नाचवलं.

वनीच्या लग्नानंतर थोड्याच दिवसांत दादा गेला. कावीळ झाली, झाडपाल्यात टाइम गेला, दवाखान्यात नेला तेवा उशीर झालेला. लगीन नव्हतं झालं त्याचं. एक फोटो हाय घरात, तो पन मान वळवलेला, आनि आवाज कुटंच नाय हो. तेवा कुटं मोबाईल होते. मानूस बोलायचा कसा ते पन मला आता धड आठवत नाय, ठेका तेवढा आठवतो.

तर वनीला दिली ती डोळखांबकडं. तिच्या पोरीचं लगीन ठरलं, ती आली सांगाया, दारातच बोलली नाना, माझ्या पोरीच्या हळदीला दादाचा ठेका पायजे, तोच आवाज, दुसरं मी काय मागत नाय. आनि खरंच, वनीनी आजपावेतो भावाकडं काय मागितलेलं नाय, आमीच कायतरी घेऊन जातो. मी बोललो वाजवीन गो, जा तू. बोलून गेलो. माळ्यावरनं पेटी काढली, उघडली, तर आत मुंग्यांचं राज्य. बोर्ड खाल्लेला. कल्याणला नेली तर रिपेअरवाला बोलतो काका हे पार्ट आता येत नाय, शोकेसला ठेवा. शोकेसला! मी तशीच उचलून जीपमदी बसलो, सगळ्या रस्त्याला मांडीवर पेटी, आनि मी झाकनावर वाजवतोय, बाजूचा मानूस सरकून बसला.

मंग फोन घेतला. तालाचा कुटला ॲप फ्री लिवलेला दिसला का उतरवून घ्यायचा. एक उघडला तर आदी पत्त्यांच्या जुगाराची जाहिरात, मंग एक धप्प वाजलं, मंग परत जाहिरात. दुसऱ्यात बोलतो पहिले थोडे दिवस फ्री, पुढं कार्डाचा नंबर द्या. आमची सून निकिता, खर्डीची पोर हाय, ठान्याला ऑफिसात जाते, ती मला मामा बोलते, तिनी फोन बघितला आनि कपाळाला हात लावला, बोलली मामा हे सगळं काढून टाका, फोनची वाट लावाल. रविवारी ती तिचा लॅपटॉप घेऊन ओटीवर बसली. बोलली खरंखुरं फ्री असतं ते येगळं, लोकं स्वताहून सॉफ्टवेअर बनवतात आनि देऊन टाकतात, आनि जुन्या पेट्यांचे आवाज पन भेटतात, त्याला सॅम्पल बोलतात, म्हंजे एक एक ठोका सुटा रेकॉर्ड केलेला. मी बोललो फुकट कोन कशाला देईल? तर तिनी वाचून दाखवलं, कुटल्या तरी थंड मुलखातला मानूस, आमच्याच पेटीच्या जातीची पेटी त्याच्याकडं, त्यानी एकेक आवाज टिपून ठेवलेला, आनि खाली लिवलेलं, घ्या, पायजे तसा वापरा. नाव पन नाय लिवलं त्यानी धड.

मी तर येडाच झालो. कामावरनं आलो का लॅपटॉपसमोर. सॉफ्टवेअरमदी चौकोन असतात, एकेका चौकोनात ठोका ठेवायचा, दोन बटनांत कुटला कुटला आवाज एकावर एक बसायचा ते बोटांनी आठवायचं आनि चौकोन भरायचे. त्या मानसाच्या सॅम्पलमदी जरा घरघर होती, पेटीच्याच विजेची, ती मी काढली. निकितानी शिकवलं कशी काढायची, मंग मी एकेक ठोका बसून धुतला, भांडं घासल्यासारखा लखलखीत. ठेका तयार झाला. लावला. सगळं जागच्या जागी हाय, एक ठोका चुकीचा नाय, आनि दादाचा नाय. परत भरले चौकोन. हळू केला, जोरात केला. नाय. हळद जवळ आली, वनीचा फोन यायचा, झाला का रे ठेका, मी बोलायचो होतोय, आनि परत चौकोन उघडायचो. भाताच्या परातीवर वाजवायचो, माझी बायको मंगल बोलली आता घास तरी खाली जाऊ द्या, नायतर परात घेऊन गोठ्यात बसा.

मंग तीच बोलली. मंगल आमच्याच गावची, नदीपल्याडच्या आळीतली. बोलली आवो, इतका चांगला कुटं वाजायचा तो? आमाला पल्याड ऐकू यायचा तो आंब्यावर बांधलेल्या कर्ण्यातनं, त्या पत्र्याच्या भोंग्यातनं, चिरका, नाकातनं बोलल्यासारखा, आनि मागं त्याची घूं चालूच. तुमी तर त्याला आंघोळ घातली. मी कायम पेटीच्या बाजूला बसलेला मानूस, मला ठेका ठाऊक, पन गावाला तो कसा ऐकू जायचा ते मी कदी ऐकलेलंच नाय. वनीनी पन कर्ण्यातनंच ऐकलेला. तिला नवरी म्हनून मांडवात बसवलेली, मी होतो पेटीपाशी.

आता कर्णा आनायचा कुटनं? सगळीकडं मोठे डब्बे स्पीकर झालेत. मुरबाडच्या एका मंडपवाल्याच्या गोदामात भेटला, चिमण्यांनी काड्या भरलेल्या त्यात. त्या मानसाचे सॅम्पल मी परत जसेच्या तसे उतरवले, घरघरीसकट, तेच चौकोनांत भरले, कर्णा आंब्यावर बांधला, वायर ओटीवर आनली, भर दुपारी ठेका लावला. आनि समोरच्या घरातली म्हातारी काठी टेकत बाहेर आली, हात कपाळावर धरून बोलते, कोनाची रे हळद हाय आज? मी लॅपटॉप उघडा टाकून अंगनात दोन चकरा मारल्या, मला उभं पन राहवेना.

हळदीला गेलो डोळखांबला. बेंजो पार्टी मी अजून चालवतो, त्यातले दुसरे हसत होते, नाना कर्णा घेऊन आला, आता काय रेडिओ लावनार. हळद लागली, बायांनी गानी बोलून घेतली, उन्हं उतरली आनि मी चालू केला. सुरवातीला कोन बघेना. मंग वनीच्या जावा उठल्या, पोरं उठली, म्हातारे उठले, वनी सोता हळदीच्या हातांनी मधोमध, पदर खोचून, तिला मी लग्नानंतर नाचताना बघितलेलीच नव्हती. लय वेळ नाचली. मंग घाम पुसत माझ्याकडं आली आनि बोलते, नाना, हे सगळं बरोबर हाय रे, पन तो दादाचा ठेका कदी लावतोस?

मी बोललो, अगो येडे, तोच चाललाय मघापासनं.

ती थांबली. मान तिरकी करून कर्ण्याकडं बघत राहिली, ऐकत राहिली. मंग बोलली, पायांनी वळखला रे, मलाच कळला नाय, आनि माझ्या खांद्याला डोकं लावून रडली, भर मांडवात, जोरजोरात, माझ्या शर्टाला सगळी हळद. मी पन रडलो, लपवत नाय. लोकं बोलली काय झालं, कोनी पानी आनलं. ती बोलली काय नाय, तुमी नाचा. आनि मला बोलली, नाना, बंद नको करू, जेवनं मागनं वाढू.

आता तुमी विचाराल नाना, समाधान झालं का. नाय झालं. आता लोकं फोन करतात, जुना ठेका लावा बोलतात, निकितानी मला शिकवलं आनि आमी पन तो बांधलेला ठेका फुकट देऊन टाकला, घ्या, पायजे तसा वापरा. पन मी बसलेला असलो का मला वाटतं अजून कायतरी राहिलं, मंग परत चौकोन उघडतो. नाच जोरात चालू झाला का दादा बोटानी पेटीचा वेग कमी करायचा, मागं वळून मला बोलायचा, नाना, लोकांना जरा दम खाऊ दे. काय आवाजात बोलायचा, ते कोनी टिपून ठेवलेलं नाय, आनि ते आता भेटनार पन नाय, हे मला समजतं. तरी बसवत नाय. असू दे. त्या थंड मुलखातल्या मानसाचं भलं होवो, त्याच्या घरात हळद लागो, त्याचे भाऊ त्याच्या बाजूला बसून वाजवोत. तुमी पन चाय प्या, थंड झाली.