कापसाच्या काट्यावरचा चॅम्पियन

नाई नाई, तुमी काऊन उठून राहिले काकाजी, बसा ना — ते पोट्टे गेले, आता शांती हाय. तुमच्या समोरच भांडले, तुमाले वाटलं असन मारामारी होते आता — काई नाई होत, रोजचं हाय त्याईचं. गौरव म्हनते ढालीवर 'अपराजित' लिहा, श्रावण म्हनते पहिले हे सांगा का जिंकला तर कोनाशी जिंकला, अन् दोघंही माह्या काउंटरवर हात आपटून — काच फुटली तर कोन भरन, त्याईचा चॅम्पियन? हे पाहा, हेच ते ढाल. रविवारी सत्कार हाय, साऱ्या पांढुर्ण्यात पोस्टर लागले, तुमी स्टेशनावरून आले तवा पाह्यले असतीन. वैभव. रेल्वेकडून खेळते, सोन्याचं मेडल आनलं, अन् आजवर एक लढत हरला नाई. एकही नाई. अन् गावात कप-ढालीचं दुकान एकच — माह्यं. नाव कोरायची मशीन एकच — हे. म्हनून सारे मले म्हनते, मंगेशभाऊ, तुमीच लिहा. बापरे, काय नशीब हाय पाहा! सारं लिहून झालं, नाव झालं, तारीख झाली, हे वरची एक ओळ रिकामी ठेवली हाय. तिथं 'अपराजित' येते का नाई, ते मी ठरवीन. हाव, मीच.

तुमी कप घ्यायले नाई आले. मले समजते. कप घेनारा मानूस आल्या आल्या भाव इचारते, तुमी अर्ध्या घंट्यापासून त्या पोट्ट्याईचं ऐकून राहिले अन् वैभवचं नाव आलं का कान टवकारून राहिले. सौसरचे ना? बोलन्यावरून नाई, पिशवीवरून, पिशवीवर दुकानाचं नाव हाय. पोरीचे वडील. बराबर? — पाहा, हसले. स्थळाची चौकशी. अहो लाजता कायले, पोरगी द्याची हाय तर चार जनाले इचारलंच पाहिजे. नाव काय पोरीचं? केतकी. चांगलं नाव हाय. मंग आता नीट ऐका काकाजी, मी कोनाची चुगली नाई करत, पन केतकीसाठी सांगतो. रिकॉर्ड-रिकॉर्ड करून राहिले ना सारे — रिकॉर्ड कसं मोजाचं, ते मले इचारा.

शून्य हार. ऐकाले कसं वाटते, एकदम चकचकीत! पन सुरुवात कुठून झाली? जिल्ह्याच्या स्पर्धेतून. तवा पांढुर्णा जिल्हा नोता, तरी आमी इथंच लढलो, मैदानात, पोळ्याच्या आधी — पोळ्याले दगडानं डोके फोडनाऱ्या गोटमारच्या गावाले ठोसे पाहाची काय नवलाई, तरी अर्धं गाव आलतं. आता बॉक्सिंगमंधी पहिले वजन होते. वजनावर गट पडते. अन् त्या दिवशी पंचाईचा वजनाचा काटा बिघडला. मंग कोन्या शहान्यानं म्हटलं, जिनिंगमंधी कापसाचा काटा हाय ना, जा घेऊन पोट्ट्याईले. गेलो आमी, लाइनीनं, चड्डीवर. काट्यावर उत्तम नावाचा मानूस. उत्तमचं आयुष्य कापूस तोलन्यात गेलं — गाडी काट्यावर आली का आकडा पाहाचा, ओलीचा, कचऱ्याचा, कशाकशाचा कडता, म्हनजे घट, कापाचा अन् मंग ओरडाचं. हातच तसा बसला त्याचा. पोट्टा उभा राह्यला का उत्तम पाहे, कडता कापे अन् ओरडे — साठ! दोन किलो गायब! पोट्ट्यात काय ओल असते काकाजी? सरकी असते? पन पंचानं लिहून घेतलं. वैभव बासष्टचा होता, साठात लढला. लहान गटात. समजलं? त्याची पहिली पायरीच खोटी हाय, अन् त्या पायरीवर बाकी सारा जिना. एक लढत खोटी म्हनजे शून्य हे शून्य नाई राहात. हेच मी श्रावणले सांगितलं — म्हनजे श्रावणच म्हनते, मी आपलं… हाव, काट्याचं मीच सांगितलं त्याले. अन् ग्रुपवर मीच टाकलं. कोनीतरी टाकाले पाहिजे ना.

काय? माह्यं वजन? माह्यंही तिथंच झालं, दुसरा काटा कुठं होता. साठ. — हाव, उत्तमनंच. — हाव, मंग माह्याही कडता कापलाच असन ना. कापलाच. मीही बासष्टच — तुमी मास्तर होते काय काकाजी? नाई, हिसाब पक्का हाय तुमचा म्हनून इचारलं. बरं, दोघाईचा कापला. बराबरीचे होतो असं म्हना. पन चूक ते चूकच ना! अन् पुढं राज्याच्या स्पर्धेत खरा काटा आला, तिथं पकडला गेला का नाई? तिथं म्हनले, बाबू, तू साठचा नोहे, वरच्या गटात जा. गेला वरच्या गटात. मोठमोठे पोट्टे, आर्मीच्या शाळेतले. — हं? नाई, जिंकला. तिथं जिंकला. ते जाऊ द्या. तुमी मधातच कायले इचारता, माह्या बोलन्याचा धागा तुटते.

माह्याशी फायनल झाली ना त्याची. सांगितलं नाई का? त्याच कापसाच्या काट्यावरची फायनल. माह्या वडिलाईनं — रघुनाथराव, आमचं अख्खं तिगाव ओळखे त्याईले — तिगाववरून टेम्पो भरून मानसं आनले. ढोल आनला. जिंकनाराच राज्याले जानार होता, राज्यावरून नोकरी, खेळाडूच्या कोट्यातली. सारं ठरलेलं होतं आमच्या घरात, वडिलाईनं तर नोकरी लागली म्हनून मामाले सांगूनही टाकलं होतं. अन् वैभव कसा लढते माहीत हाय? हे पाहा, उभा राहून दाखवतो. सारे बॉक्सर हात असे तोंडासमोर धरते. तो नाई. तो उजवा हात खाली सोडते, असा, ढिल्ला, अन् हनुवटी पुढं करते. जसं काय म्हनून राहिला, मार. घे, उघडं हाय, मार ना! समोरच्याले वाटते, थकला, सापडला. तो सारा जीव लावून हानते — अन् वैभव हलत नाई काकाजी. खाते. तुमचा ठोसा खाते तो! एक, दोन, तीन खाऊ देते. अन् तुमी मारता मारता पुरे उघडे झाले का मंग तो डावा हात येते. कुठून येते ते दिसत नाई. मले दिसला नाई. मी वरचं आभाळ पाह्यलं एवढंच आठवते, अन् ढोल बंद झाला ते.

पन पाडल्याचा राग नाई मले. खरं सांगतो, पोरगी तुमची हाय, खोटं नाई बोलत. पाडाचा तर खेळच हाय. तो खाली वाकला अन् त्यानं मले उचललं! काखेत हात घालून, लेकराले उचलते तसं, अन् माह्या वडिलाईपर्यंत चालवत नेलं, अन् म्हनते, "बाबाजी, मंगेश चांगला लढला." साऱ्या तिगावसमोर. साऱ्याईनं टाळ्या वाजवल्या. कोनासाठी? त्याच्यासाठी! माह्या पडन्यावर त्याले टाळ्या! वडील त्या दिवसापासून मरेपर्यंत त्याचंच नाव घेत, संस्कार पाहाचे तर त्या पोट्ट्याचे पाहा म्हने. माह्या घरात बसून, माह्या ताटासमोर. अन् मी काय करून राहिलो? त्याच्या नावाच्या ढाली कोरून राहिलो. दरसाल. कोन्या गनपती मंडळाचा सत्कार, कोन्या शाळेचा सत्कार — नाव वैभव, हात माह्ये. म्हनून मी ठरवलं, त्यानं एक तरी हरलं पाहिजे. रिंगमंधी नाई तर बाहेर. कुठंतरी त्याच्या नावासमोर हार लागली पाहिजे.

मंग ऐका, स्वभाव सांगतो. गर्विष्ठ हाय. दारू? दारू नाई पीत… पीत नाई, पन पुढं पेईनच, नोकरीवाले पेतातच. घर? घरी माय हाय, छायाबाई, सून टिकू देनार नाई. ठोसे खाऊन डोक्यावर परिनाम होते बॉक्सरच्या, ते डॉक्टरले इचारा. बरं, तुमीच सांगा, इतका चांगला हाय तर आजवर लग्न काऊन नाई झालं? दोन जागी जमत आलं होतं, दोन्ही मोडले. काऊन मोडले? वरुडचे पाव्हने इथंच बसले होते, तुमी बसले त्या स्टुलावर. अन् त्याच्या आधी मुलताईचे एक वकीलसाहेब. अर्ध्या घंट्यात उठून गेले, चहाही नाई पेले. मी काय, खरं तेच सां… म्हनजे ते इकडं सहज आले होते. कप पाहाले.

असे काय पाहून राहिले?

काय म्हनता? कोनं पाठवलं? — थांबा. परत सांगा. कोनं?

वैभवनं?

नाई, मस्करी करून राहिले तुमी. तो कायले पाठवन माह्याकडं, त्याले माहीत हाय मी… माहीत हाय त्याले? सारं? — अन् काय म्हनला? नाई, जसं म्हनला तसंच सांगा, बदलवू नका. "माह्या गावात माह्याबद्दल सारे चांगलंच सांगतीन. तुमी मंगेशकडं जा. ज्यानं माह्ये ठोसे खाल्ले त्याले इचारा. त्याच्याजवळ जे वाईट निघन तेच माह्यं वाईट, त्याच्याहून जास्त नाई."

असं म्हनला.

अन् वरुडवाले? — त्याईलेही त्यानंच? अन् वकीलसाहेब? दोन्ही जागा मोडल्यावर पुन्हा तुमाले इथंच पाठवलं — माह्याकडंच?

हात खाली सोडून. हनुवटी पुढं करून.

हरामखोर. एक खाल्ला, दोन खाल्ले, तिसऱ्याले मी सारा जीव लावून उघडा झालो तुमच्यासमोर — काटा, कडता, बाप, सारं ओतलं मी इथं काउंटरवर — अन् आता तुमी माह्याकडं पाहून राहिले, अन् मले समजते काकाजी, तुमी केतकी त्याले देनार. देनारच. माह्यामुळंच देनार! दारू पेत नाई ते माह्याच तोंडून निघालं, वरच्या गटात जिंकला ते माह्याच तोंडून, उचललं तेही माह्याच तोंडून. कुठून आला डावा हात, दिसला तुमाले? मले आजही नाई दिसला.

माफ नाई केलं म्हना त्याले. सांगजा, मंगेशनं माफ नाई केलं, करनारही नाई. अन् सत्काराले मी येनार नाई, ढाल घेऊन जाले गौरवले पाठवा. हं, सरका जरा, तो वायर तुमच्या पायाखाली हाय. वरची ओळ भरून टाकतो. — काय लिहून राहिलो म्हनजे? जे हाय तेच लिहून राहिलो. 'अ' झाला. चला, या आता तुमी. मशीन सुरू हाय, तुमचं काई ऐकू नाई येनार मले.