मोठ्या पडद्यावरचा माझा नंबर

मला भांडकुदळ म्हणता ना, मग हे ऐका. इंग्लंडमधल्या रीडिंग शहरात असताना मी जिथे बातमीदार होते ते वर्तमानपत्र बंद पडलं आणि मी घरी बसले. आपला सॉफ्टवेअरवाला मंगेश म्हणाला, "मोबाइलवर जाहिराती करणाऱ्यांच्या नेटवर्किंगच्या कार्यक्रमाला चल, ओळखीतून काम मिळेल. कार्डं वाट, गोड बोल आणि कृपा करून भांडू नकोस."

कार्डं वाटली. लोकांनी ती न वाचताच खिशात टाकली. मग भाषण सुरू झालं. ग्राहकाचा मोबाइल नंबर म्हणजे सोनं, असं वक्ता सांगत होता. मी प्रश्न विचारायला उभी राहिले, तर संयोजक म्हणाला, "प्लीज, प्रश्न टेक्स्ट करा. स्क्रीनवर दिसेल."

मी टेक्स्ट केला, "आमचे नंबर तुम्ही कोणाकोणाला विकता?"

प्रश्न पडद्यावर झळकला आणि त्याच्याखाली माझा नंबरही, अख्ख्या हॉलला दिसेल असा!

"हेच! हेच म्हणतेय मी!" मी ओरडले. "काढा तो आधी!"

संयोजकाला तो काढताच येईना. मंगेशने कपाळाला हात लावला. "झालं! आता तुला इथे कोण काम देणार?"

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. जाहिरातच असणार, म्हणून मी खेकसले, "कोण आहे?"

एका मासिकाची संपादिका होती. "काल मी हॉलमध्ये होते, तुमचा नंबर पडद्यावरूनच टिपून घेतला. असे प्रश्न आमच्यासाठी दर महिन्याला विचाराल का?"

त्या मासिकाने मला पुढे कित्येक वर्षं पोसलं.

दुपारी संयोजकाचा फोन आला. बिचारा माफी मागत होता.

"माफी कसली मागता?" मी त्याच्यावरही ओरडले. "आभार मानतेय मी तुमचे! पुढच्या वेळी नंबर जरा जास्त वेळ ठेवा."