सोमवारचा फोन

सन्माननीय अध्यक्षमहोदय, व्यासपीठावरचे मान्यवर, आज निवृत्त होणाऱ्या आमच्या शस्त्रक्रिया विभागाच्या प्रमुख, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या मॅडम, सहकारी डॉक्टर, परिचारिका भगिनी, आणि तिसऱ्या रांगेत कडेला बसलेल्या शिलाई खोलीतल्या काकू, सर्वांना नमस्कार.

मला पाच मिनिटं दिली आहेत. मॅडमच्या हातांचं कौतुक आधीच्या वक्त्यांनी करून संपवलं, माझ्यासाठी काही शिल्लक ठेवलं नाही. बरंच झालं. मी हृदयाचा डॉक्टर. बावीस वर्षं यांच्याशी भांडण्यात गेली. माझ्या तोंडी गुणगान शोभलंही नसतं.

भांडण ठरलेलं असायचं. रोग्याच्या पोटातली महाधमनी, म्हणजे शरीरातली सर्वांत मोठी रक्तवाहिनी, फुग्यासारखी फुगलेली. त्याच रोग्याच्या हृदयाच्या वाहिन्याही तुंबलेल्या. आधी काय करायचं? पोट उघडावं तर टेबलावरच हृदय दगा देणार. आधी हृदयात स्टेंट घालावा, तर रक्त पातळ करणारी औषधं निदान तीन महिने थांबवता येत नाहीत, आणि ती चालू असताना एवढी मोठी शस्त्रक्रिया म्हणजे रक्त आवरणं कठीण. तोवर फुगा थांबेल का? इकडे आड, तिकडे विहीर. मॅडम म्हणायच्या, "आत्ता." मी म्हणायचो, "थांबा."

यावर मॅडमनी एक नियम केला होता. "थांबा म्हणायला काय जातं हो? घरी जाऊन जेवता येतं. ज्यानं थांबा म्हटलं, त्यानं दर सोमवारी पाच वाजता रोग्याला स्वतः फोन करायचा. पोटात, पाठीत नवीन दुखतंय का, विचारायचं." सहायकानं केलेला फोन चालत नसे. वहीत सही करावी लागे.

चार वर्षांपूर्वी मी असंच थांबा म्हटलं. रोगी घरचाच होता, आपले शिंपीकाका. या इमारतीतल्या प्रत्येकाचा झगा त्यांनी शिवलाय. मी स्टेंट घातला, आणि आठ सोमवार फोन केला. दर वेळी म्हणायचे, "डॉक्टर, माझ्या पोटाचं झकास आहे. तुमच्याच पोटाची काळजी वाटते, मापं आहेत माझ्याकडं."

नवव्या सोमवारी याच सभागृहात माझा सत्कार होता. मी तिथं, मधल्या खुर्चीवर बसलो होतो. पाच वाजले, मी घड्याळ पाहिलं. मानपत्राचं वाचन चाललं होतं. लोक काय म्हणतील, असं वाटलं. उद्या करू म्हटलं. खोटं कशाला बोलू, मानपत्र ऐकायला मला बरंही वाटत होतं.

त्या दुपारपासून काकांची पाठ दुखत होती. काकू म्हणाल्या, "दवाखान्यात जाऊ." ते म्हणाले, "मशीनवर बसून भरली असेल. पाचला डॉक्टरांचा फोन येतोच आहे, त्यांनाच विचारतो." सहा वाजता म्हणाले, "आला नाही, म्हणजे काळजीचं काही नसेल."

सकाळी फुगा फुटला. मॅडमनी चार तास झुंज दिली. काका गेले.

बाहेरच्या बाकाशी काकूंनी विचारलं, "काल फोन का नाही आला?" मी माझ्या बुटांकडं बघत राहिलो. मॅडम पुढं झाल्या. म्हणाल्या, "विभागाकडून राहून गेलं. विभाग माझा आहे, चूक माझी." मला वाटलं, मागाहून सांगेन. मॅडमनी मला शब्दानंही टोकलं नाही, एवढंच म्हणाल्या, "वहीतला रकाना कोराच ठेवा." तो अजून कोरा आहे.

तेव्हापासून काकू मॅडमशी कामापुरतंच बोलतात. झगे मापात शिवतात, नीट घडी घालून पाठवतात, पण मॅडम शिलाई खोलीत आल्या की मान वर करत नाहीत. आणि मला मात्र विचारतात, "डॉक्टर, बरे आहात ना?" हे मी चार वर्षं चालू दिलं. मला त्याची लाज वाटते.

काकू, तो फोन मी करायचा होता. मॅडमचा त्यात काडीचाही संबंध नाही. थांबायचा निर्णय चुकला असं मी आजही म्हणत नाही. त्या हृदयावर आधी पोट उघडलं असतं तर कदाचित टेबलावरच गेले असते. पण थांबायला मी सांगितलं होतं, आणि लक्ष मी काढून घेतलं. हे तुमच्या घरी येऊन सांगायला हवं होतं. दोनदा आलो, जिन्यातून परत फिरलो. आज मॅडम निघाल्या आहेत. तुमचा राग चुकीच्या माणसाबरोबर घरी जाऊ नये, म्हणून भर सभेत बोललो.

अध्यक्षमहोदय, बोलायची संधी दिलीत, आभारी आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर सभेनं पदरात घ्यावं. त्या सोमवारचं पदरात घ्या, असं काकूंना म्हणण्याचा मला हक्क नाही. त्या काय म्हणतील ते ऐकायला मी खाली येणारच आहे.

पण आजही सोमवार आहे, आणि पाचला दोन मिनिटं कमी आहेत. वहीत माझ्या नावावर दोन रोगी आहेत. ते वाट बघत असतील. मला आधी बाहेर जाऊ द्या.