झेब्र्याच्या संसाराला माझा आवाज

...आणि वर म्हणतात, 'काका, जरा प्रेमाने बोला!' अहो, कुणाशी? समोर झेब्रा! तोही पडद्यावर! तुम्हाला सांगतो, टीव्हीवर जनावरांच्या कार्यक्रमात तो आपल्या भाषेतला आवाज येतो ना, जाड, संथ, 'आणि आता मादी जवळ येते...' तो मी. भिंतींना फोम लावलेली एवढीशी खोली, कानावर हेडफोन, काचेपलीकडे रेकॉर्डिंगवाली पोरगी, आणि यच्चयावत जनावरांचे संसार कुणी सांगायचे? मी! ज्याच्या घरी चहाला दुसरा कप लागत नाही, त्याने!

भांडण नाही हं आमचं. लेकीच्या बाळंतपणाला म्हणून ही गेली, ती गेलीच. नात चालायला लागली, बोलायला लागली, पण आजी हलायचं नाव घेत नाही. फोन केला की, 'अहो, ठेवते, ही बघा काय तोंडात घालतेय!' झालं बोलणं.

परवा झेब्रे होते. साधा झेब्रा ठीक आहे. एक नर, चार-पाच माद्या, वर्षानुवर्षं एकत्र. थोरली मादी पुढे, मागे बाकीच्या, पोरंबाळं, आणि नवरा बहुतेक सगळ्यात शेवटी. मला हसूच फुटलं! बाजारात आम्ही अस्सेच जायचो, पिशव्या माझ्याकडे. पण दुसरी एक जात असते, बारीक पट्ट्यांची. त्यातला नर गवत-पाणी बघून जागा धरतो आणि उभा राहतो. माद्या येतात, पाणी पितात, मर्जी असली तर थांबतात, नाहीतर चालल्या पुढे! हा तिथेच. आता लेक मला म्हणते, 'बाबा, तुम्हीच या की इकडे.' आणि घराला कुलूप लावू? ही परत आली आणि दार बंद असलं तर?... हे सगळं कुणी वाचायचं? मी! वाचलं कसंबसं! पोरगी काचेमागून, 'काका, झेब्रा फार रडका वाटतोय. परत घेऊ या.'

मग गिबन. लांब हातांची ती जात, नर-मादी सकाळी झाडावर बसून जोडीने गातात. 'काका, आनंद हवा, आनंद!' कुठून आणू? आणि ते हंस! एकनिष्ठ म्हणून केवढा गाजावाजा, आणि घरट्यातलं एखादं पिल्लू निघतं शेजाऱ्याचं! तेही गंभीर आवाजात कुणी सांगायचं? मी!

खरं सांगू? एकच आशा होती. ही कधीतरी टीव्ही लावेल, माझा आवाज ऐकेल, बॅग भरेल. झेब्र्यांचा भाग लागला आणि... फोन! तिचा! तिने आपणहून केलेला!

'अहो, ऐकला हं झेब्रा.'

'मग?' माझा जीव कानात.

'मग काय? रोज दुपारी तुम्हालाच लावते. नात लगेच झोपते तुमच्या आवाजावर.'

'आणि तू?'

'मी बसते गप्पा मारत.'

'कुणाशी?'

'इश्श, तुमच्याशी! इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझं वाक्य पुरं होतंय. मध्ये तोंड घालत नाही तुम्ही. काय करमतं म्हणून सांगू!'

'मग... येतेस कधी?'

'आता कशाला? असता की रोज इथेच. ठेवते, उठली वाटतं.'

आता बोला! तेव्हा तुम्हाला सांगतो, आमचा संसार अगदी छान चाललाय. फक्त मी त्यात नाही.