अबू करीमच्या हातात दिलेलं भाडं

मी मूळची औश्याकडची, लातूर जिल्ह्यातली. नाव सुरेखा. वडील साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते, आई शिवणकाम करायची, आम्ही तिघी बहिणी, मी मधली. बारावी झाले आणि लगेच लग्न झालं. आमचे हे मेकॅनिकलचा डिप्लोमा झालेले, वेल्डिंग इन्स्पेक्टर, लग्नाच्या आधीपासूनच कुवेतला. लग्न करून एका महिन्यात परत गेले. मग मी सासरी, ते तिकडं, असं बरेच दिवस चाललं, पिंकी झाली ती सुद्धा यांनी फोनवरच बघितली. पुढं यांचा पगार वाढला, फॅमिली व्हिसा निघाला, तेव्हा आम्ही दोघी आलो. पिंकी तेव्हा नुकतीच चालायला लागली होती.

कुवेतमधल्या अब्बासियात भाड्यानं घर घेतलं, चौथ्या मजल्यावर, एक खोली, एक हॉल, किचन. काय सांगू तुम्हाला, खाली उतरलं की सगळी आपली माणसं, मल्याळी, तेलुगू, गुजराती, भाजीवाला सुद्धा हिंदी बोलणारा, मला वाटलं परदेश परदेश म्हणतात तो कुठंय. हे पहाटेच कंपनीच्या बसनं मीना अब्दुल्लाला जायचे, रिफायनरीत, ते अंधार पडताना यायचे. दिवसभर मी आणि पिंकी. आणि खाली अबू करीम.

अबू करीम आमच्या बिल्डिंगचा हारिस. हारिस म्हणजे वॉचमन म्हणा, पण वॉचमनपेक्षा जास्त. झाडलोट तोच करणार, पाण्याची मोटर तोच लावणार, लिफ्ट बंद पडली की माणूस तोच आणणार, आणि महिन्याचं भाडंही त्याच्याच हातात द्यायचं. इजिप्तचा होता, लांब कुठल्या तरी खेड्यातला, जिन्याखालच्या खोलीत राहायचा. गॅसची टाकी खांद्यावर टाकून चौथ्या मजल्यापर्यंत आणायचा आणि मी पाणी दिलं की खाली बसून प्यायचा, उभ्यानं कधी प्यायचा नाही. अर्धं हिंदी, अर्धं अरबी, आणि मला तर दोन्ही धड येत नव्हतं, तरी आमचं बोलणं व्हायचं. पिंकी त्याला अम्मो म्हणायची, काका म्हणून. त्याच्या झग्याच्या खिशात हात घालून खजूर काढायची. त्याला तिकडं बायको होती, पोरं होती, मोठ्या पोराचं नाव करीम, म्हणून हा अबू करीम, करीमचा बाप, त्याचं खरं नाव मला तो गेल्यावर कळलं.

तर भाडं. भाडं रोख द्यायचं, त्याच्या हातात. पावती लगेच मिळायची नाही, मालकाच्या कंपनीचा माणूस पैसे न्यायला सवडीनं यायचा आणि मग अबू करीम दोन-चार महिन्यांच्या पावत्या एकदम आणून द्यायचा. सगळ्या बिल्डिंगचं असंच चालायचं. आता लोक म्हणतात, असं कसं दिलं तुम्ही, पावतीशिवाय. अहो, रोज तोंड बघायचो आम्ही एकमेकांचं. कसं मागणार?

मग तो उन्हाळा आला. एक दिवस सकाळपासून जिन्यावरून पाणी यायला लागलं, आधी थेंब थेंब, मग धार, वरची टाकी भरून वाहायली होती आणि मोटर कुणी बंद करेना. समोरची शर्ली आणि मी खाली गेलो, त्याच्या दारावर थाप मारली, हाक मारली. मग खालच्या दुकानातल्या माणसानं दार ढकललं. झोपल्यासारखाच होता. एसी चालू, हात छातीवर. डॉक्टर म्हणले, हार्ट. पाणी तसंच वाहत होतं, आम्ही सगळे पायऱ्यांवर उभे आणि पावलं ओली, आणि मोटरचं बटण कुठंय हे एकालाही माहीत नव्हतं, बघा. इतकी वर्षं राहायलो, आणि तेवढं एक माहीत नव्हतं.

त्याला तिकडं त्याच्या गावी पाठवलं, मातीसाठी. सगळ्यांनी थोडं थोडं दिलं, यांनीही दिलं. पिंकीला सांगितलं अम्मो गावाला गेला.

त्यानंतर काही दिवसांनी दारावर कागद चिकटवलेला दिसला, सगळा अरबीत. हे तो घेऊन खाली दुकानात गेले, दुकानदारानं वाचून सांगितलं की तुमचं चार महिन्यांचं भाडं थकलंय. हे म्हणले, चुकून लावला असेल. दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून मालकाच्या कंपनीच्या ऑफिसात गेले. तिथं एक तरुण पोरगा, तो म्हणाला, दिलं तर पावती दाखवा. हे म्हणले, दिलं अबू करीमला. तो म्हणाला, आमच्याकडं पोचलं नाही. हे म्हणले, त्याला तुम्हीच ठेवलं होतं की भाडं घ्यायला. तो म्हणाला, तो मेला, आता त्याला विचारू का? हे घरी आले ते बूट न काढताच बसून राहिले. आमच्यासारखी आणखी पाच-सहा घरं होती.

मग वसुलीची माणसं यायला लागली. हे असताना नाही, हे कामावर गेल्यावर. दोघं यायचे, कधी तिघं. बेल दाबायचे, मग दार वाजवायचे, मग नुसते उभे राहायचे, दाराखालच्या फटीतून त्यांच्या पायांची सावली दिसायची. यांनी मला सांगून ठेवलं होतं, तू उघडू नकोस, मी नसताना तुला अरबीत काय समजणार, कशावर सही घेतील. मग मी काय करायची, बेल वाजली की गॅस बंद, टीव्ही बंद, पिंकीला उचलायची आणि किचनमध्ये फ्रिजच्या आडोशाला खाली बसायची. तिच्या तोंडावर बोट ठेवायची. पहिल्यांदा ती हसली, तिला खेळ वाटला. नंतर नाही हसली. नंतर तर बेल वाजली की माझ्या आधी तीच उठायची, टीव्ही तीच बंद करायची आणि जाऊन बसायची आणि मला हातानं बोलवायची, ये. चार वर्षांचं लेकरू.

आणि ताई, तुम्ही लिहून घ्यायलात म्हणून सांगते, कुणी नसताना सुद्धा मला दार वाजलेलं ऐकू यायला लागलं. भांडी घासताना, पोळी लाटताना. नळ बंद करून उभी राहायची. अबू करीम दार वाजवायचा ते बोटाच्या मागच्या बाजूनं, हळूच, आपण झोपेत असलो तर उठू नये म्हणून वाजवल्यासारखं. मला ते ऐकू यायचं. वसुलीवाल्यांचं नाही, त्याचं. तो मेलाय हे माहीत होतं, मी त्याला डोळ्यांनी बघितलं होतं, तरी वाटायचं आता तो पावत्या घेऊन आलाय, उघडलं तर सगळं मिटेल. मी एकदा खरंच उघडलं. जिना मोकळा. खालच्या मजल्यावर कुणी तरी झाडायलं होतं, नवीन हारिस. यांना मी काहीच सांगितलं नाही.

कोर्टात केस गेली, निकाल मालकाच्या बाजूनं लागला. आम्हाला कळलं कसं, तर हे दूध-ब्रेड घ्यायला गेले आणि कार्ड चालेना. पगाराचं खातं अडवलेलं. मग कुणी तरी म्हणलं, मना सफर बघा, लागला असेल. मना सफर म्हणजे देश सोडायला बंदी. लागलाच होता. यांनी दिलेल्या भाड्यासाठी यांनाच कोंडलेलं. शर्लीच्या नवऱ्याचंही तेच झालं.

मग तो दिवस. पिंकीला खोकला झाला होता. बेल वाजली, आम्ही जाऊन बसलो. ह्या वेळी वाजवणं थांबेना, आणि पोलीस पोलीस असं काही तरी ऐकू यायलं. पिंकीला खोकला आला आणि तिनं तो दाबून धरला. दोन्ही हात तोंडावर, डोळ्यांतून पाणी, चेहरा लाल, मग जांभळा व्हायला लागला, तरी लेकरू खोकेना. मी म्हणलं खोक बाळा, खोक. ती मान हलवायली, नाही नाही. मी तिला तशीच उचलली आणि जाऊन दार उघडलं. माझ्या नवऱ्यानं काय सांगितलं, कोण आहेत, कशाचाच विचार केला नाही.

बाहेर वसुलीला आलेला कोर्टाचा माणूस, पांढऱ्या झग्यातला, वयस्कर. एक पोलीस. आणि मालकाच्या कंपनीचा एक माणूस, हैदराबादचा, तो हिंदी बोलणारा. पिंकी खांद्यावर जोरजोरात खोकायली होती. कोर्टाच्या माणसानं तिच्याकडं बघितलं आणि पहिलं काय बोलला, तर तिला पाणी द्या. ते मी दिलं, मगच तो आत आला.

हैदराबादचा म्हणाला, भाभी, एक रस्ता आहे. तुम्ही लिहून द्या की भाडं अबू करीमला दिलं आणि त्यानं ते खाल्लं. त्याच्या नोकरीच्या शेवटच्या हिशेबाचे पैसे कंपनीकडं आहेत, त्यातून वळते करू, तुमची केस मागं घेऊ. शर्लीनं सही केलीय, बाकीच्यांनीही केलीय.

मी विचारलं, ते हिशेबाचे पैसे कुणाचे?

त्याच्या बायकोचे, तिकडं जाणार आहेत.

मी म्हणलं, त्यानं खाल्लेत का?

तो म्हणाला, मग गेले कुठं?

मी म्हणलं, तुमच्याकडचा कुणी घेऊन जात होता ना, त्याला विचारलं का? त्यानं हातातला कागद पुढं केला. मग मी म्हणलं, मी दिलं एवढं लिहून देते. दर महिन्याला दिलं, त्याच्या हातात दिलं. त्यानं खाल्लं हे मी बघितलं नाही. ते मी लिहिणार नाही.

एकच आहे ते, भाभी.

एकच नाही.

कोर्टाच्या माणसानं त्याला अरबीत विचारलं, ही काय म्हणते. त्यानं सांगितलं. मग कोर्टाचा माणूस बोलला आणि हैदराबादच्यानं मला सांगितलं, की मी निकाल बदलू शकत नाही, कुणी खाल्लं ते मला माहीत नाही, पण ही बाई म्हणते तेवढंच लिही. आणि हप्ते बांधून मागा, असं माझ्या नवऱ्याला सांगायला सांगितलं. जाताना दार त्यानं स्वतः हळूच ओढून घेतलं.

संध्याकाळी हे आले, मी सगळं सांगितलं. हे लई चिडले. म्हणले, मेलेल्या माणसाला काय फरक पडला असता, सही करून मोकळी झाली असतीस. मी ताट वाढलं. हे जेवले, आणि जेवून उठताना म्हणले, त्यानं खाल्लं नसेल. एवढंच. परत तो विषय आम्ही काढला नाही. माझ्या पाटल्या गेल्या, यांनी एकटे असतानाच्या रूममेट मित्रांकडून उसने घेतले, आणि जे भाडं एकदा दिलं होतं ते परत दिलं. मग खातं सुटलं, बंदी उठली.

शर्लीला मी नावं ठेवत नाही. तिची दोन पोरं कॉलेजात, तिला तिकिटं काढायची होती. अजून ती ओणमला पायसम पाठवते. पण जिन्यात अबू करीमची खोली आली की ती आणि मी दोघी दुसरीकडं बघायचो.

आता आम्ही ती बिल्डिंग सोडली. भाडं बँकेतून जातं. बंदी उठल्यावर गावी गेलो होतो, तर तिथं दुपारी कुणी तरी कडी वाजवली, आणि पिंकी उठली, तिनं टीव्ही बंद केला आणि माझ्या सासूबाईंचा हात धरून त्यांना स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात नेऊन बसवलं. तोंडावर बोट. सासूबाईंना वाटलं लपाछपी. त्या हसायला लागल्या, आणि मग त्यांनी तिचा हात हातात घेतला, तो गार पडला होता, आणि माझ्याकडं बघितलं. बाहेर शेजारच्या काकू हळदीकुंकवाचं सांगायला आल्या होत्या.

पिंकी आता शाळेत जाते, इंग्लिशमध्ये उत्तरं देते, अम्मो आठवतो का म्हणलं तर नो म्हणते. बेल वाजली की मी किचनमधूनच मोठ्यानं बोलायला लागते, हो, आले, कोण आहे, आले आले, आणि बोलत बोलतच दारापर्यंत जाते, तिला ऐकू जावं म्हणून. कधी ती बाहेर येते, कधी नाही.

अबू करीमच्या बायकोला तिचे पैसे पोचले का, आमच्या वाट्याचे तरी, ते मला माहीत नाही. इजिप्तला कुणाला विचारणार, आणि कुठल्या भाषेत? भाड्याचे पैसे त्यानं घेतले असतील, नसतील. घेतले असले तर लेकरांसाठी घेतले असतील, असं मी मनाशी म्हणते, आणि नसतील घेतले तर त्यानं मला माफ करावं, मी कधी कधी शंका घेतली. जिथं असेल तिथं सुखात राहो. त्याची पोरं मोठी होवोत. चहा गार झाला तुमचा, थांबा, दुसरा टाकते.