बोलणारं हरीण

नाही, पण मला एक सांगा, शिकारीला जायचं म्हटल्यावर माणसाचं घोडं कुठं अडावं? बायकोपाशी अडावं. गुडघ्यापाशी अडावं. गेला बाजार पासपोर्टापाशी अडावं... आमचं कुठं अडलं माहितीये? शिकारीपाशीच अडलं! म्हणजे परदेशी शिकारीला जायला आम्हाला सवड का नाही, तर आम्ही शिकारीला गेलेले असतो! हसा, हसा. मीही आधी हसायचो.

बायकोची तर आडकाठी नाहीच हो. उलट लॉरीन म्हणते, "जाच तू एकदाचा. इतकी वर्षं ऐकतेय, न्यूझीलंड, न्यूझीलंड. मला आता त्या देशाचा राग यायला लागलाय, त्यांनी बिचाऱ्यांनी माझं काही केलेलं नसताना." बॅगसुद्धा भरून ठेवली होती तिनं माझी. मग एकदा तिच्या बहिणीकडं जायचं निघालं तेव्हा तीच बॅग तिनं रिकामी केली आणि नेली, आणि खरं सांगू, त्या बॅगेनं माझ्यापेक्षा जास्त प्रवास केलाय.

तुम्हाला सांगतो, आम्ही चौघं. मी वेन, जन्मभर इथल्या लोखंडाच्या खाणीत दगड फोडायच्या यंत्राशेजारी उभा राहिलेला. रेइनो, आमचा म्होरक्या, ह्याच्या मालकीचं रानात लाकडी खोपट आहे, आणि खोपटामागं सौना आहे. आता अमेरिकेतल्या मिशिगनच्या ह्या वरच्या टोकाला फिनलंडहून आलेल्या लोकांची पोरं आम्ही, आमचे सगळे निर्णय सौनातच होतात. दगड तापवायचे, त्यावर पाणी ओतायचं आणि उघड्या अंगानं वाफेत बसून जगाचं काय ते ठरवायचं. तिसरा डेल्बर्ट, हा कधीच कशाला नाही म्हणत नाही, म्हणून ह्याच्या हो म्हणण्याला कुत्रं विचारत नाही. आणि चौथा रूडी. रूडीबद्दल मी आत्ताच काही बोलत नाही, माझं डोकं तापतं.

तर एका नोव्हेंबरात, बाहेर बर्फ पडतंय, आम्ही खोपटात टीव्हीसमोर बसलेले, आणि टीव्हीवर ते लागलं. न्यूझीलंडचा डोंगर. धुकं. आणि त्या धुक्यात एक तांबडं हरीण, ही एवढी शिंगं, मान वर केली त्यानं आणि... ओरडलं! अहो, डरकाळीच! आता आमच्या इथली हरणं कशी, मुकी. जन्मभर ह्यांच्या मागं फिरलो, पण ह्यांनी आम्हाला एका शब्दानं कधी विचारलं नाही. फार तर शिंकल्यासारखं करतात, शेपूट वर करतात आणि आम्हाला तिथंच सोडून जातात. आणि हे हरीण बोलत होतं! दरीच्या पलीकडून दुसरं त्याला उत्तर देत होतं! मग रेइनोनं मांडीवर थाप मारली आणि म्हणाला, "जायचं. चौघांनी. वर हरीण, खाली नदीत हाताएवढाले ट्राउट मासे. ठरलं म्हणजे ठरलं."

ठरलं म्हणजे ठरलं! झालं, त्या दिवसापासून हे वाक्य माझ्या मागं लागलंय.

पहिला प्रश्न, जायचं कधी? मी म्हटलं, नोव्हेंबर. तिघांनी माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं की जणू मी देवळात चप्पल घालून शिरलोय. नोव्हेंबरात? नोव्हेंबरात हरणांवर बंदुकीचा हंगाम! इथं त्या दिवशी शाळा बंद असतात, हो, लग्नंसुद्धा कुणी काढत नाही, आणि काढलंच तर नवरदेव येत नाही. बरं, डिसेंबर? डिसेंबरात त्या हरणांचे सॉसेज कोण करणार, तुझा बाप? जानेवारी? अरे जानेवारीत बर्फ धरतं, तळ्यावर खोपटी न्यायची, भोक पाडायचं, गळ टाकून बसायचं. फेब्रुवारीत? फेब्रुवारीत तेच, फक्त भोक जास्त खोल. मे महिन्यात वॉलाय मासा सुरू. उन्हाळ्यात मोठ्या सरोवरावर होडी. सप्टेंबरात अस्वल, ऑक्टोबरात रानकोंबडे... म्हणजे मासे मारण्यापायी मासे मारायला जाता येत नाही आणि हरणापायी हरणाकडं जाता येत नाही! नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, पण निदान तिच्या लग्नाला लग्नच तर आडवं येत नाही ना?

आणि हे सगळं सांगून झालं की वर काय? रेइनो दगडांवर पाणी ओतणार आणि म्हणणार, "पण पुढच्या वर्षी नक्की. ठरलं म्हणजे ठरलं." डेल्बर्ट म्हणणार, "हो, हो."

वर्षं गेली. किती ते विचारू नका. मधेच रेइनोनं पासपोर्ट काढायचं मनावर घेतलं, तर फोटोवाली बाई म्हणाली टोपी काढा. आता रेइनोची ती केशरी टोपी त्याच्या आईनंसुद्धा शेवटी शेवटी काढलेली पाहिली नव्हती. हा टोपीसकट घरी. का, तर म्हणे, "ज्या देशाला माझी टोपी चालत नाही तिथं मी जाणार नाही." अरे, टोपी आपल्याच देशाला चालत नाहीये! पण सांगणार कुणाला? शेवटी त्याच्या मुलीनं तो झोपला असताना... जाऊ दे, पासपोर्ट निघाला. रूडीनं एकदा विचारलं की तिकडच्या नदीत स्मेल्ट मासे असतात का. मी म्हटलं नसावेत. तेव्हाच त्याचा चेहरा पडला होता. तेव्हाच मला कळायला हवं होतं!

आता इथवर मी हसतच होतो. मग माझे कान जायला लागले.

म्हणजे डावा तर खाणीनंच घेतला होता. उजव्यावर माझं चाललं होतं. पण मागच्या हिवाळ्यात लॉरीन म्हणाली, दारावरची घंटी किती वेळ वाजतेय, आणि मी म्हटलं, कुठली घंटी? मग कानाच्या डॉक्टरीणबाईंकडं. त्यांनी मला काचेच्या खोलीत बसवलं, कानाला ते हेडफोन लावले, म्हणाल्या आवाज आला की बटण दाबा. मी बसलो वाट बघत. मला वाटलं अजून सुरूच व्हायचंय. बाईंनी दार उघडलं आणि म्हणाल्या, झालं. बाहेर येऊन त्यांनी नीट समजावलं, बारीक आवाज आधी जातात, पाखरं, घंट्या, नातवंडं. जाडे आवाज शेवटी जातात. पण तेही जाणार. मी विचारलं, कधी? म्हणाल्या, तुमचा वेग बघता लांबचं काही ठरवू नका.

लांबचं काही ठरवू नका! मला! मी आयुष्यात लांबचं सोडून दुसरं ठरवलंय काय?

त्या दिवशी गाडीत बसलो आणि तुम्हाला खरं सांगतो, रडलो. पाखरं गेली तर गेली, पण त्या हरणाचा आवाज जाडा होता हो. तो मला अजून आला असता. तेवढा एक आवाज कानात घालून मग कान मिटायला माझी काही तक्रार नव्हती. आणि एकट्यानं जायचं नव्हतं मला. लॉरीन म्हणाली एकटा जा. पण डोंगरावर उभं राहून मी कुणाला विचारणार, "ऐकलंस का रे?"

मग मी डोकं लावलं. ती हरणं ओरडतात कधी? मार्च सरता सरता ते एप्रिलच्या मध्यापर्यंत. आणि आमच्याकडं एप्रिलच्या सुरुवातीला काय असतं? चिखल! बर्फ उठलेलं, तळ्यावरची खोपटी मार्चअखेर काढायचीच असतात, वॉलायला अवकाश, हरणं वाळलेली. वर्षातली एकच फट, आणि ती बरोबर त्या हरणाच्या तोंडासमोर! देवानंच ठेवली म्हणायची. मी सौनात गेलो, बसलो, आणि सांगून टाकलं. एप्रिल. आणि कानाचंही सांगितलं. सांगायचं नव्हतं, पण सांगितलं.

डेल्बर्टनं दगडांवर पाणी ओतलं, ते चरचरले, म्हणजे चरचरले असावेत. मग रेइनोनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. रेइनोनं! ज्यानं स्वतःच्या लग्नातसुद्धा बायकोशी नुसता हात मिळवला होता तो हा माणूस. आणि उजव्या कानाशी येऊन हळू म्हणाला, "एप्रिल. आता ठरलं म्हणजे खरंच ठरलं, वेन." डेल्बर्ट म्हणाला, हो. आणि त्या दिवशी पहिल्यांदा मला डेल्बर्टचं हो खरं वाटलं.

आणि रूडी? रूडी पायाकडं बघत बसला होता. मग म्हणाला, "एप्रिलात स्मेल्ट येतात."

आता तुम्ही म्हणाल, स्मेल्ट म्हणजे काय असेल कोण जाणे, व्हेलचा भाऊ असेल. अहो, बोट! हे माझं करंगळीशेजारचं बोट आहे ना, तेवढा मासा! एप्रिलात रात्री ओढ्याला चढतो, तेव्हा कमरेएवढ्या गार पाण्यात उभं राहून जाळ्यानं उपसायचा. लहानपणी बादल्या भरायच्या, कबूल. पण गेली कित्येक वर्षं येतच नाहीत हो ते! मागच्या खेपेला रूडी रात्रभर उभा राहिला आणि त्याला एक मिळाला. एक! तोही मला वाटतं चुकून आला होता. मी म्हटलं, रूडी, लेका, त्या एका माशासाठी? तर काय म्हणतो, "आणि ह्या वर्षी नेमके आले तर?"



रेइनो त्याच्यावर ओरडला, रूडी ओशाळला, बरं येतो म्हणाला, आणि मी न्यूझीलंडला फोन लावला. तिकडं ग्रेम म्हणून एक मेंढपाळ, तोच शिकाऱ्यांना डोंगरावर नेतो. पक्कं केलं. आणि मग मार्च आला... ह्या वर्षी थंडी हटेचना. तळ्यावरचं बर्फ लोखंडासारखं, रेइनोचं मासेमारीचं खोपट त्यात असं गोठलं की कुऱ्हाडीनं फोडता फोडता एप्रिल उजाडला. आणि उशिरा ऊन पडलं तसे डेल्बर्टचे मेपल एकदम पाझरायला लागले, शेकडो झाडं, रस दिवसरात्र आटवून पाक करायचा, नाहीतर आंबतो. डेल्बर्टनं फोन केला. मला वाटलं नाही म्हणेल. तर हो म्हणाला. येतो म्हणाला, आणि ढसाढसा रडला. आता अशा माणसाला विमानात बसवणार कसं? आणि रूडीचं तर विचारूच नका, त्यानं रबरी बूट कधीच घातले होते. ये रे माझ्या मागल्या!

मीच ग्रेमला फोन केला. लाज वाटत होती हो. आता येत नाही सांगायचं तर कारण द्यायला हवं, म्हणून मी सांगत गेलो, बर्फ, मेपल, स्मेल्ट, मग एकातून एक निघालं, नोव्हेंबर, पहाटेचं रान, शेपूट वर करून पळणारं हरीण, सौना, बटाटा आणि मटण भरलेल्या गरम पास्ट्या... मी दिलगिरी व्यक्त करत होतो असं माझं मत आहे. लॉरीन म्हणते मी जाहिरात करत होतो. तिकडून ग्रेम काय म्हणाला ते मला काही कळलं नाही, तो सगळे शब्द नाकातून काढतो. लॉरीननं फोन घेतला, ऐकलं, ठेवला आणि म्हणाली, "ते येतायत."

कोण येतायत?

"ग्रेम आणि त्याचे दोन मित्र. नोव्हेंबरात. आत्ता तिथल्या तिथं ठरवलं त्यांनी."

तिथल्या तिथं! अहो, आम्ही इतकी वर्षं घाम गाळून जे ठरवू शकलो नाही ते ह्यांनी एका फोनमध्ये, अंगात कपडे असताना ठरवलं!

आले. नोव्हेंबरात आले. पाहुणे म्हणून खोपटातला माझा पलंग ग्रेमला, मी शेगडीशेजारी जमिनीवर. माझी रानातली वर्षानुवर्षांची दबा धरून बसायची जागा ग्रेमला. आणि माझ्या जागेवरून त्यानं पहिल्याच सकाळी असं हरीण पाडलं की रेइनोनं चक्क टोपी काढली. मला आनंद झाला. म्हणजे, व्हायला पाहिजे होता.

संध्याकाळी सगळे सौनात. आतलं बोलणं मला आता फारसं पोचत नाही, ओठ हलताना दिसतात. मला दिसलं की रेइनो ग्रेमला काहीतरी सांगतोय, कानाकडं हात नेतोय, सगळे माझ्याकडं बघतायत. मग ग्रेम उठला. कमरेला पंचा, अंग उकडलेल्या बिटासारखं, आणि तसाच अनवाणी बाहेर बर्फात! भिंतीला प्लास्टिकच्या पाइपाचा तुकडा उभा होता, तो त्यानं उचलला, तोंडाला लावला. आम्ही सगळे मागं, पंचे धरून. त्यानं मान वर केली. गाल फुगले, गळ्याच्या शिरा ताठ झाल्या, पाइपातून वाफ निघाली. डेल्बर्टनं छातीवर हात ठेवला. रूडीचे डोळे मोठे झाले. रानातून पाखरं उठली, ती मला दिसली.

आणि मला... कसं सांगू... लांब कुठंतरी, रस्त्यावरून ट्रक गेल्यासारखं वाटलं. तेवढंच. कदाचित ट्रकच असेल.

ग्रेम माझ्याकडं वळला. भल्या माणसाचे पाय बर्फात निळे पडत होते, दम लागला होता, आणि तोंडभर हसत होता. सगळे माझ्याकडं बघत होते. आता तुम्ही असता तर काय म्हणाला असता? मी मान हलवली. डरकाळी ऐकू आली म्हटलं. अगदी डोंगरावरची आली. डोळ्यांत पाणी आलं ते त्यांना आनंदाचं वाटलं, मिठ्या मारल्या सगळ्यांनी मला, उघड्या अंगानं, शून्याखाली.

आणि मग रूडी जवळ आला. माझ्या उजव्या कानाला तोंड लावलं आणि सगळ्या रानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "झालं ना एकदाचं? मग आता तिकडं जायची काय गरज!"

तुम्हाला सांगतो, तेवढं मात्र मला स्पष्ट ऐकू आलं.